आपांच्या पायाशी फिरणारा स्पीकर

त्या मित्रावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आपा म्हणतो, गोव्यातल्या धारगळच्या आमच्या देवळात पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन, वाजवायचे. उत्सवातलं संगीत नाटक रात्री उभं राहतं, पण नांदी त्याआधी, दिवेलागणीला, देवासमोर एकट्या ऑर्गनवर वाजते. तो मान आपांचा. वयामुळे गुडघा गेला आणि भाता मारणं त्यांना जमेना, तेव्हा मी म्हापशाच्या एका घरातून जुना विजेचा ऑर्गन आणला. त्याला भाता नव्हता. पायाखाली होतं ते आवाज लहानमोठा करायचं पेडल. आपा सवयीने तेच हळूहळू मारत बसले, आणि नांदी एकदा कानावर आदळे, एकदा विरून जाई.

खरी अडचण मात्र पायांत नव्हती. आपांना जवळजवळ ऐकू येईनासं झालं होतं. बोटांना सगळं पाठ होतं म्हणून निभावत होतं. देवळातल्या मंडळींना कळलं असतं तर त्यांचा मान गेला असता. ‘कोणाक सांगू नाका’ म्हणून त्यांनी ते फक्त मला सांगितलं होतं. मी ते मित्राला सांगितलं.

मित्र आमोण्याचा. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचं वायरिंग करायचा. खाणी थांबल्यावर लग्नांतल्या साउंडकडे वळला. तो म्हणाला, ऑर्गनचा आवाज बाहेर काढू, फिरत्या स्पीकरमधून. एक लाकडी खोका, आत खाली तोंड केलेला स्पीकर, त्याच्याखाली एका बाजूने उघडा ड्रम. शिलाई मशीनच्या मोटरवर पट्टा चढवला की ड्रम गरगरतो आणि सूर खोलीभर हेलकावतो. खोका आपांच्या पायाशी ठेवला तर त्यांना सूर तळव्यांतून कळेल, हे डोकंही त्याचंच.

महिनाभर आमच्या बल्कांवात, घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, आम्ही दोघे राबलो. त्याने आतल्या स्पीकरच्या वायरी काढून मागे सॉकेट बसवलं. मी एकच अट घातली होती: बटण दाबलं की पूर्वीसारखा आतूनही आवाज आला पाहिजे. बटण घातलंय म्हणाला आणि मागची फळी त्यानेच बंद केली. आपांनी कितीही भाता मारला तरी आवाज तुटू नये म्हणून पेडलखाली त्याने पाचर मारली. आपा त्याच्यावर बेहद्द खूश. भाजीबरोबरचे उंडे, ते गरम गोल पाव, आधी त्याच्या ताटात पडायचे. खोका पहिल्यांदा फिरला तेव्हा आपांनी तळवे लाद्यांवर टेकवले आणि डोळे मिटून बसून राहिले. त्या दिवशी तो मला सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

उत्सवाच्या आठवडाभर आधी पट्टा बदलायला म्हणून तो खोका घेऊन गेला. उत्सवाच्या दिवशी उन्हं कलली तरी त्याचा पत्ता नव्हता, फोनही उचलेना. सभामंडपात मी ऑर्गनची मागची फळी उघडली. बटण होतं, छान चकचकीत. त्याला एकही वायर जोडलेली नव्हती. स्पीकरच्या जागी नुसतं गोल भोक होतं. आमचाच स्पीकर त्याने खोक्यात घातला होता, आणि मी बावळट महिनाभर त्याला पक्कड देत बसलो होतो.

शेवटी त्याने फोन घेतला. खोका त्याने किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातल्या बँडला दिला होता. त्यांना फार आवडला म्हणे. थोड्या वेळात नांदी आहे, आपा येऊन बसलेत, एवढंच बोलू शकलो.

“आपांक खंय आयकूक येता?” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाक हार्मोनियम वाजवूक सांग. आपांक कळचांसुद्धा ना.”

मी भरवशाने सांगितलेलं त्याने असं वापरलं.

आपा पांढऱ्याशुभ्र धोतरात ऑर्गनपुढे बसले होते. माझे ओठ दिसावेत म्हणून मी समोर वाकलो आणि खोटं बोललो, पट्टा तुटला, तो वाटेत अडकलाय. त्यांनी एक पट्टी दाबली. पेडलवरचा उजवा पाय सवयीने हलत होता. डावा पाय त्यांनी खोक्याच्या रिकाम्या जागी फिरवून पाहिला.

“खोको माज्या पायांकडे कित्याक दवरलो, तां माका त्याच दिसा कळलां,” ते म्हणाले. “तुयां ताका सांगलां.”

त्यांचं गुपित मी फोडलं, हे त्यांना खोका पायाशी आला त्या दिवसापासून ठाऊक होतं. आपा उठले, मंडळींकडे गेले आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाले, “माका आयकूक येना. नांदी दुसऱ्या कोणाक दिया.”

मग ते बाहेर आले. पायरीवर मी त्यांच्या चपला उचलून पुढे ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या नाहीत, तशाच टाकून अनवाणी घरी चालत गेले.