दोराचं दुसरं टोक

आबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी आमच्या वस्तीतले सगळे देव पाटीत घालून पवना नदीत सोडले. आमची वस्ती म्हणजे गावाबाहेरचा महारवाडा, कासारवाडी स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर. आईनं देव्हाऱ्याची जागा सारवली आणि तिथे पाण्याचा हंडा ठेवला. नाहीतरी घरात जागेची टंचाईच होती.

आबा, म्हणजे माझे वडील, मुळातच एकमार्गी. पाच शीलं घेतली ना, मग पाचही पाळायची, त्यात सवलत नाही. बिडी शीलात नव्हती, तरी तीही सोडली. खोटं बोलायचं नाही हे चौथं शील तर त्यांनी इतकं मनावर घेतलं, की पाहुण्याला आई सवयीनं ‘जेवून जा’ म्हणाली आणि घरात भाकरी नसली, तर ते पाहुण्यासमोरच सांगायचे, “भाकरी न्हाई. हिला नुसती म्हनायची सवय हाय.” आईला धरणी ठाव देत नसे. पाहुणे पुढे पुढे जेवूनच यायला लागले.

गावात कुणाचंही ढोर मेलं की त्याच्या पायांना दोर बांधायचा आणि ओढत ओढ्यापलीकडे नेऊन टाकायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमचं. दीक्षेनंतरच्या पहिल्या पौर्णिमेला सगळी वस्ती वंदनेला बसली होती. आबांनी पाच शीलं म्हटली, आम्ही त्यांच्यामागून म्हटली. मग ते म्हणाले, “आजपून ह्यो दोर कुनी धरायचा न्हाई.” सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यात आधी माझा हात वर गेला होता, हे मला चांगलं आठवतं, कारण पुढे सगळ्यांनीच ते मला ऐकवलं.

गावानंही मग आपलं उत्तर दिलं. किराणा बंद, गिरणी बंद, शेतावरचं काम बंद. ढोर मेलं तर कुणीही हात लावायचा नाही, पडू दे तिथेच, बघू किती दिवस टिकतात हे, असं चावडीवर ठरलं. माझं त्यात फारसं अडलं नाही. मी वीस वर्षांचा होतो आणि पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात लागलो होतो. कारखान्याला माझी जात नको होती, डोळे हवे होते. दिव्यासमोर बसून भरलेली बाटली धरायची, तिरकी करायची, आत कण किंवा केस तरंगतोय का ते बघायचं. दिवसभर एवढंच.

त्याच सुमारास एक भिक्खू वस्तीत दोन दिवस राहून गेले. त्यांनी आम्हाला डोळे मिटून बसवलं आणि श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढंच बघा म्हणाले. अर्धी वस्ती झोपली. मग ते म्हणाले, की डोळे उघडल्यावरही असंच बघायचं. जे समोर आहे ते आहे तसं बघायचं, आवडतं-नावडतं नंतर. मी मनात म्हटलं, याचाच तर पगार घेतो मी. मोठा शहाणा समजत होतो स्वतःला.

आणि मग एका म्हातारीची गाय मेली.

ही म्हातारी गावातली, मराठ्याची. नवरा जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाऊबंद नावाला. माझी आई लहानपणी मला घेऊन तिच्या दारात जायची, तेव्हा ती ताक द्यायची. वरून ओतायची, भांड्याला भांडं लागू न देता. ताक पातळ असलं तरी रोज मिळायचं, आणि ओतताना ती माझ्याशी बोलायची. मला तिचा रागही यायचा आणि तिच्या ताकाची वाटही बघायचो. दोन्ही खरं आहे.

गाय तिच्या झोपडीला लागूनच्या गोठ्यात मेली होती. चावडीचा निर्णय तिलाही लागू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर निघालो, दुसरी पाळी होती म्हणून मोकळा होतो. वाटेवरूनच वास आला. म्हातारी गोठ्याच्या तोंडाशी बसून पदरानं माश्या हाकत होती. कुत्रं येऊ नये म्हणून हातात काठी. रात्रभर अशीच बसली असावी. मला बघून तिनं हाक मारली नाही, मागितलं काही नाही. नुसती माश्या हाकत राहिली.

मी पुढे गेलो आणि परत फिरलो. ती मला दिव्यासमोर धरलेल्या बाटलीसारखी दिसली होती, आता दिसली नाही असं कसं म्हणणार? पहिल्या शीलात सगळ्या जीवांवर दया आहे, आणि आमच्या हात वर करण्यात आमची सगळी लाज-अब्रू आहे. कुठलं मोठं? वीस वर्षांच्या माणसाला हे उभ्या उभ्या ठरवता येत नाही. आजही येईल असं नाही.

गोठ्यातला दोर उचलून मी म्हणालो, “आजी, मी दोर धरतो. पन एक टोक तुमी धरायचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या जातीची बाई मेलेल्या ढोराच्या दोराला हात लावते, हे कुणी ऐकलंही नव्हतं. पण त्या दिवशी चाकणचा बाजार होता, गाव रिकामं होतं. ती उठली, तिनं पदर खोचला आणि म्हणाली, “दे.”

गाय हाडांचा सापळा होती, वाट उताराची, जमीन ओली. तरी आमचा जीव निघाला. दर दहा पावलांवर थांबायचो. म्हातारी एकदा गुडघ्यावर पडली, पण तिनं दोर सोडला नाही. ओढ्यापाशी पोचल्यावर तिनं गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि मग माझ्या डोक्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला शिवलं. ती घरी गेली. मी दोर धूत बसलो आणि बाजारातून परतणाऱ्या एकानं मला तिथे पाहिलं.

चूक कुठली झाली ते मला दोन दिवसांनी कळलं. पाटलाचा बैल मेला आणि पाटलाचा थोरला चार माणसं घेऊन आमच्या वस्तीच्या तोंडाशी आला. “म्हातारीची गाय वढली न्हवं तुमच्या पोरानं? मंग आमचा बैल काय येगळा हाय?” एकदा केलं की रीत, आणि रीत म्हणजे हक्क. गावात दया मोजायला माप नव्हतं, रीतीला होतं. वस्तीनं पोटाला चिमटा घेऊन पाळलेली गोष्ट मी एका सकाळी मोडली होती.

सगळी वस्ती जमली. आबांनी मला पुढे बोलावलं. त्यांचं अर्धं आयुष्य ढोरं ओढण्यात गेलं होतं, त्यांना काय ते ठाऊक होतं.

“वढलीस?”

“व्हय.”

“गाय एकट्याला वढवत न्हाई. दुसरं टोक कुनाच्या हातात हुतं?”

बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या. वस्तीच्या तोंडाशी पाटलाचा थोरला कान देऊन उभा होता. खरं बोललो असतो तर तिथल्या तिथे त्याचं तोंड बंद झालं असतं. तुमच्याच बाईनं दोर धरला, तुम्हाला धरायला काय झालं? पण मग त्या म्हातारीला गावानं काय केलं असतं, ते आम्हाला तरी कुणी शिकवायला नको होतं. आम्ही निदान शंभर माणसं होतो. ती एकटी होती.

“कुनाच्या न्हाई,” मी म्हणालो. “एकटाच हुतो.”

आबांनी मान खाली घातली. मग वळून पाटलाच्या पोराला म्हणाले, “माजं पोर चुकलं. त्याचं ते चुकलं. बाकी दोर न्हाई म्हंजे न्हाई.” तिसऱ्या दिवशी त्या लोकांनी आपलीच बैलजोडी जुंपून तो बैल नेला, आणि गिरणी आमच्यासाठी आणखी चार महिने बंद राहिली. बायका पीठ दळायला चिखलीपर्यंत चालत जायच्या, जाताना आमच्या दाराकडे बघायच्या नाहीत. दुसऱ्या टोकाचा संशय माझ्या चुलत्यावर आला. तो शपथा घेऊन थकला, मग त्यानं आमच्याकडे येणंच सोडलं. मी बघत होतो, आणि गप्प होतो. श्वास वगैरे काही बघता आला नाही मला त्या दिवसांत. दिव्यासमोर बसलो की बाटलीत म्हातारीचे गुडघे दिसायचे.

साताठ दिवसांनी आबा नदीवरून आले आणि माझ्याजवळ बसले. तोवर ते माझ्याशी बोलत नव्हते.

“म्हातारी धुनं धूत हुती,” ते म्हणाले. “हात बघितलं तिचं.”

मी त्यांच्याकडे वळलो.

“दोनी तळव्यांची सालं गेल्यात. दोरानंच जात्यात तशी.” त्यांनी स्वतःचे तळवे उलटे-सुलटे करून बघितले. “समद्यांम्होरं खोटं बोललास.”

“व्हय.”

“आत्ता जाऊन चावडीवर सांगितलं, तुमच्याच बाईनं दोर धरला, तर मिटंल समदं,” ते म्हणाले. “गिरनी उघडंल. तुजा चुलता घरात यील.”

“आन् ती?”

ते उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले. मला वाटलं, निघाले. चौथं शील त्यांच्यासाठी काय होतं हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. मला ते जायला हवे होते आणि नकोही होते. त्यांनी चप्पल काढून ठेवली आणि आत येऊन ते हंड्यातलं पाणी प्यायले. त्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढची पौर्णिमा आली. वस्ती वंदनेला बसली, आबा पुढे. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मागून म्हणायला थांबलेली माणसं अडखळली, मग त्यांच्यातल्याच कुणीतरी आपणच म्हणून पुढे नेलं. पाचव्याला आबांचा आवाज परत आला. आबा आता विसरायला लागले, असं लोक म्हणाले.

त्यानंतर आबा पुष्कळ वर्षं जगले आणि प्रत्येक पौर्णिमेला तसंच व्हायचं. पुढे पुढे कुणी थांबतही नसे. चौथं शील वस्ती म्हणायची. मागच्या रांगेत मीही तेवढा वेळ तोंड मिटून बसायचो. बाकीची चार आम्ही दोघं मोठ्यानं म्हणायचो.