दाराबाहेरच्या चपला

आमच्या जिन्याखाली विजेचे नवे मीटर बसले आहेत. वापराचे आकडे ते वायरीशिवाय, परस्पर कुठेतरी पाठवतात. प्रत्येकावर एक लाल दिवा लुकलुकत असतो.

तळमजल्यावरच्या मालतीताई एकट्या राहतात. यजमान जाऊन काही वर्षं झाली, पण त्यांच्या चपला अजून दाराबाहेर असतात. ताई त्या पुसतात, अधूनमधून थोड्या सरकवतात. घरात पुरुषमाणूस आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, एवढ्यासाठीच.

परवा मीटर तपासायला आलेल्या माणसाने मोबाइलवर आलेख उघडला आणि तो कौतुकाने म्हणाला, "काकू, एकट्याच ना तुम्ही? संध्याकाळी घर बंद असतं."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वापरावरून सिस्टिमच ओळखते."

"आणखी कोणाला दिसतं हे?"

"ते वरचं काम. आम्हाला नाही माहीत."

तो गेला. ताई चपलांकडे बघत राहिल्या.

चोराला फसवायला चपला पुरत होत्या, कारण त्याला दारापर्यंत यावं लागे. या नव्या नजरेला दार लागत नाही. पंखा आणि गीझर यांवरून ती घरातली माणसं मोजते. हे तंत्र हुशार आहे, याबद्दल शंका नाही. शंका आहे ती हवेतून गेलेला आलेख कोणाच्या हातात उतरतो याची.

आज सकाळी ताई अंघोळ उरकून दारात उभ्या होत्या. त्यांच्या मीटरचा दिवा भराभर लुकलुकत होता.

"ताई, गीझर चालू राहिलाय वाटतं," मी म्हटलं.

"राहू दे," मीटरकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या अंघोळीचं पाणी तापतंय."