खुर्चीला नव्वद भोकं

वेताच्या खुर्चीच्या बैठकीला नव्वद भोकं असतात. पुढच्या लांब लाकडी पट्टीला सव्वीस, मागच्या आखूड पट्टीला वीस आणि दोन्ही बाजूंना बावीस-बावीस. हे आपल्या धाकट्या भावाला किती वेळा सांगितलं, ते मोजणं ताईने केव्हाच सोडून दिलं होतं. तरी त्या सोमवारी सकाळी भावाने नवी चौकट तिच्यापुढे आणून टेकवली, तशी तिने सवयीने ती उलटी केली आणि बोटाने भोकं मोजली. डावीकडे बावीस. उजवीकडे तेवीस.

"अरे, हे काय?"

"काय झालं?"

"या बाजूला एक जास्त आहे."

"कमी तर नाही ना?" असं म्हणून भाऊ चहाचा कप घेऊन बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

ताई चोपन्न वर्षांची होती आणि त्यातली एकतीस वर्षं ती खुर्च्या विणत आली होती. लग्नाचा योग आला नाही आणि तिनेही त्याची फारशी वाट पाहिली नाही. वडील सुतार होते. ते गेल्यावर वर्कशॉप भावाकडे आलं. पुढच्या भागात भाऊ चौकटी करायचा, मागच्या भागात खिडकीशी बसून ताई त्या विणायची. वरच्या मजल्यावर तिघांचं घर होतं: भाऊ, वहिनी आणि ती. म्हणजे चोवीस तास भावाशी गाठ. दिवसभर त्याची भोकं आणि जेवताना पुन्हा तोच समोर.

भावाचा हात वाईट नव्हता. सांधे असे बसवायचा की नख शिरणार नाही. पण मोजमाप म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. लांबी किती? अंदाजे. अंतर किती? अंदाजे. गल्लीत त्याचं नावच 'अंदाजे' पडलं होतं आणि त्या नावाने कुणी हाक मारली तर तो ओ सुद्धा द्यायचा.

त्या एका जास्तीच्या भोकाने काय बिघडतं, हे खुर्चीवर बसणाऱ्याला कधी कळत नाही. विणणारीला कळतं. वेताची ओली पट्टी पुढच्या भोकातून मागच्या भोकात जाते, खालून शेजारच्या भोकात शिरते आणि परत पुढे येते. मग आडव्या पट्ट्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्हीकडून तिरप्या. या डाव्या भोकाची जोडी समोरच्या उजव्या भोकाशी जुळलीच पाहिजे. एक भोक जास्त झालं की शेवटची पट्टी तंगडी वाकडी करून कुठेतरी जाऊन बसते आणि सगळी जाळी एका बाजूला कलते. मग ताई कुठे एका भोकात दोन पट्ट्या कोंबायची, कुठे एक भोक गिळून टाकायची आणि वरून कडेची रुंद पट्टी अशी बसवायची की खालची सगळी लबाडी झाकून जावी. इतकी बेमालूम, की गिऱ्हाईक खुर्चीभोवती फिरून भावाला म्हणायचं, "काय आखीव काम आहे हो तुमचं!"

आणि भाऊ म्हणायचा, "अंदाजे करतो, झालं."

अशा वेळी ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण गिऱ्हाइकासमोर भावाचं उणं काढायचं कसं? ती खाली मान घालून पट्ट्या पक्क्या करणाऱ्या खुंट्या ठोकत बसायची. जरा जास्तच जोरात ठोकायची, एवढंच.

त्या महिन्यात वाचनालयाचं काम आलं होतं. तिथल्या ग्रंथपाल बाई स्वतः येऊन सांगून गेल्या. वाचनकक्षाची दुरुस्ती निघाली होती, तो तीन महिन्यांनी पुन्हा उघडणार होता आणि तोवर सोळा खुर्च्या हव्या होत्या. पाय आणि पाठी धडधाकट, पण बैठकीच्या चौकटी सगळ्या किडलेल्या. नव्या चौकटी करायच्या, भोकं पाडायची, विणायच्या. सोळा गुणिले नव्वद. ताईने मनातल्या मनात गुणाकार केला: एक हजार चारशे चाळीस.

भावाने गुणाकार केलाच नाही. त्याने बाजारातून एक जुनी ड्रिल मशीन आणली.

एका दुपारच्या आत त्याने चार चौकटी उडवल्या. वर्कशॉपभर जळक्या लाकडाचा वास पसरला. मशीनचा तसा दोष नव्हता. तिचं पातं बोथट झालेलं आणि ते बदलण्याइतका धीर भावाकडे नव्हता. बोथट पातं लाकूड कापत नाही, ढकलत जातं. वरून भोक गुळगुळीत दिसतं आणि खालच्या बाजूने लाकूड फुटून कडेला दातेरी धार राहते. ताई खालची बाजू न बघताच विणायला बसली. तिसऱ्या दिवशी जाळी अर्धी झाली होती, तोच तीन पट्ट्या एकामागून एक टक् टक् तुटल्या. तिने भोकाखालून बोट फिरवलं आणि लाकडाचं कुसळ बोटात घुसलं.

"इकडे ये!" ती ओरडली.

भाऊ आला. तुटलेल्या पट्ट्या बघितल्या, चौकट बघितली, आणि म्हणाला, "वेत जुना असेल."

"वेत जुना? सरळ म्हण ना, मी जुनी झाले!"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"तीन दिवस! तीन दिवस पाठ मोडून विणलंय मी हे. हात फिरव खालून. फिरव! करवत आहे की चौकट?"

"घासून देतो की पॉलिश पेपरने."

"तीनशेसाठ भोकं? आतून? कशाने घासणार, जिभेने?"

वहिनी जिन्यावरून खाली आली. ती मितभाषी बाई. दोघांच्या भांडणात पडायचं नाही हे तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "जरा हळू. समोरच्या दुकानातले बाहेर येऊन उभे राहिलेत."

ताई उठली. भिंतीवर खिळ्याला गिरमिट टांगलेलं होतं, ते तिने काढलं. साधी वस्तू: आडवी लाकडी मूठ, तिच्यातून खाली निघालेली लोखंडी दांडी, आणि दांडीच्या टोकाला पीळ. हाताने दाबायचं आणि फिरवायचं. ना आवाज, ना धूर.

"आता भोकं मी पाडते," ती म्हणाली. "तू फक्त पट्ट्या कापून सांधे बसवून दे. त्याच्या पुढे माझ्या चौकटीला हात लावायचा नाही."

"ताई, हात जातील तुझे."

"जाऊ देत. डोकं तर केव्हाच गेलंय."

पहिली चार भोकं तिरकी गेली. गिरमिट सरळ धरलंय असं वाटतं, पण मनगट फिरताना ते हळूच कलतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तिने टाकाऊ तुकड्यांवर दोन दिवस हात बसवला. आधी टोच्याने खूण करायची, म्हणजे टोक घसरत नाही. टोकाला मेणबत्ती घासायची. तीन फेरे पुढे, एक मागे, म्हणजे भुसा बाहेर पडतो. आणि खालून टोकाचा ठिपका दिसला रे दिसला की थांबायचं, चौकट पालथी करायची आणि उरलेलं भोक त्या बाजूने पुरं करायचं, म्हणजे कड फुटत नाही. एका भोकाला दोन मिनिटं. एका चौकटीला तीन तास. संध्याकाळी तळहात लालभडक व्हायचा, पण जेवायला बसण्याआधी ती तो गार पाण्यात बुडवून यायची. भाऊ समोर होता ना.

कागदाची लांब पट्टी घेऊन तिने तिच्यावर पाच-पाच सुतांवर खुणा केल्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भावाला हे माप फक्त ऐकून माहीत असावं, असं तिचं मत होतं. कडेपासून ठरावीक अंतरावर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि सगळी भोकं त्या रेघेवर पाडली. पुढे सव्वीस, मागे वीस, बाजूंना बावीस-बावीस. चौकट उजेडाकडे धरून तिने बघितली. सैनिक उभे केल्यासारखी भोकं. एकतीस वर्षांत असली चौकट तिच्या हाती आली नव्हती. तिने ती मुद्दाम भावाच्या कामाच्या टेबलावर, अगदी त्याच्या नाकासमोर, अर्धा दिवस ठेवून दिली.

भावाने ती उचलली, इकडून तिकडून बघितली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"एक अक्षर बोलू नकोस," ताई म्हणाली.

भावाने चौकट खाली ठेवली.

विणकाम लोण्यासारखं गेलं. पट्ट्या जिथल्या तिथे, एकही लबाडी नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती शेवटच्या तिरप्या पट्ट्या ओढून खुंट्या ठोकत होती आणि 'कट्' असा आवाज झाला. पट्टी तुटली असेल म्हणून तिने वाकून बघितलं. पट्टी नव्हती तुटली. पुढचं लाकूडच भेगाळलं होतं. पहिल्या भोकापासून नवव्यापर्यंत, सरळ, एका रेषेत. तिची पेन्सिलीची रेघ होती, बरोबर तिच्यावरून.

ती तशीच जमिनीवर बसली. रडू येत नव्हतं. कुणाला तरी धरून गदागदा हलवावं असं वाटत होतं, पण धरायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं.

भाऊ आला. तो हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. तो उकिडवा बसला आणि भेगेवरून नख फिरवलं.

"सगळी एका रेषेत घेतलीस."

"मग कुठे घ्यायची?"

"मागेपुढे. हे बघ, लाकडाचा तंतू असा लांब जातो. एकाच रेषेवर ओळीने भोकं पाडली की पावतीपुस्तकाचं पान फाटतं तसं लाकूड फाटतं. एक भोक अर्धं सूत आत घ्यायचं, पुढचं अर्धं सूत बाहेर. मग भेग पुढे सरकत नाही."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे इतकी वर्षं तुझी भोकं वाकडीतिकडी असायची, ती—"

"वाकडी नाही. मागेपुढे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम असं नाही. हाताला सवय आहे. बाबा तसंच करायचे."

"आणि हे मला सांगायला काय झालं होतं? एकतीस वर्षं! तोंडाला कुलूप होतं?"

"तू विचारलंस कधी? तू आपली मोजत बसायचीस. आणि त्या दिवशी सांगायला गेलो, तर म्हणालीस एक अक्षर बोलू नकोस."

ताईने भेगाळलेली चौकट ओढून पुन्हा उजेडाकडे धरली. ज्या वाकडेपणापायी तिने जन्मभर कपाळाला हात लावला, त्या वाकडेपणावरच तिची प्रत्येक खुर्ची उभी होती. बसणाऱ्यांनी काय काय वजनं टाकली त्यांच्यावर, आणि एक फाटली नव्हती. आता हे मान्य करायचं, तेही या माणसासमोर?

"आणि तेविसावं भोक?" शेवटी ती म्हणाली. "तेही बाबांची सवय का?"

भावाने मान खाजवली. "नाही. ते माझं."

त्यानंतर काम दोघांनी मिळून केलं. गोडीने केलं असं मात्र कुणी समजू नये. ताई कागदाची पट्टी लावून मोजून ठिपके द्यायची, एक आत, एक बाहेर. भावाने दुसरं गिरमिट काढलं. टोक खाली दिसल्यावर थांबायचं असतं, हे त्याला दिवसातून दहा वेळा सांगावं लागायचं. सांगितलं की तो "हो गं बाई" म्हणायचा आणि पुढचं भोक आरपार पाडायचा. मग ती चौकट ओढून घ्यायची. मग तो म्हणायचा, "तुझे ठिपके नीट दिसत नाहीत." मग ती ठिपके इतके गडद करायची की पेन्सिलीचं टोक मोडायचं. मशीन कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर वहिनीने वाळत घालायची फडकी टाकायला सुरुवात केली.

दहाव्या आठवड्यात ताईचा उजवा हात संपावर गेला. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि पंधरा दिवस आराम सांगितला. ताईने पट्टा लावला आणि आरामाचं वहिनीला सांगितलंच नाही. पण कंगवा धरता येईना, तेव्हा ते उघडकीला आलं. वहिनीने तिला खिडकीशी बसवलं आणि तिची वेणी घालून दिली. मितभाषी बाई, पण केस मात्र असे ओढले की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय का?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"मग बसा गप्प. उरलेली भोकं ते पाडतील, पट्ट्या मी ओढते. तुम्ही नुसतं ओरडा."

ताईने तेच केलं.

सोळा खुर्च्या ठरल्या दिवशी गेल्या. भावाबरोबर टेम्पोत बसून ताईही गेली, कारण उतरवताना तो त्या कशाही आपटेल याची तिला खात्री होती. ग्रंथपाल बाईंनी प्रत्येक खुर्चीच्या जाळीवरून हात फिरवला, दोन खुर्च्यांवर बसून बघितलं आणि म्हणाल्या, "सुरेख. माझी बहीण दवाखान्यात नोकरीला आहे, तिथेही सहा खुर्च्या अशाच पडल्यात. पाठवू का?"

"पाठवा की," भाऊ म्हणाला.

"आधी मला विचार," ताई म्हणाली. आणि बाईंकडे वळून, "पाठवा. पण घाई करायची नाही."

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ आत आले. त्यांनी सर्वांत जवळची खुर्ची पायाने ओढली, खाली न बघता धपकन बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि मागच्या दोन पायांवर निवांत झुलू लागले.

ताईचं डोकं फणफणलं. ती दोन पावलं पुढे गेली.

"अहो, चार पायांवर बसा!"

गृहस्थांनी वर्तमानपत्राच्या वरून बघितलं. आधी तिच्याकडे, मग ग्रंथपाल बाईंकडे. बाईंनी खांदे उडवले. गृहस्थांनी खुर्ची खाली टेकवली.

"ताई, चल," भाऊ तिची बाही ओढत कुजबुजला. "बसायलाच केलीये ना?"

"बसायला केलीये. झुलायला नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच चार पायांवर बसून राहतात की नाही, हे बघत ती दारातच थोडा वेळ उभी राहिली.