वर धरलेलं बोट

सुई टोचली की मास्टर बोट वर धरायचे. वर्गात उत्तर येणारं पोरगं धरतं ना, तसं. बोटाला कापडाची चिंधी गुंडाळलेली, आणि दुसऱ्या हातानं कापडावर खडूच्या रेघा सुरूच. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "थांबतंय. कायकू घाबरायचं?"

थांबायचं मात्र लवकर नाही. त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवून वर्षही झालं नव्हतं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती. एकदा एका लग्नाच्या ब्लाउजवर थेंब पडला. मास्टरांनी त्यावर लाल बुट्टी भरून दिली. बाई इतक्या खूश, की म्हणाल्या, दुसऱ्या बाहीवर पण भरा.

काचीगुड्यात आमचं शिलाईचं दुकान. मी आठवीतच शाळा सोडली आणि मोठा झाल्यावर परभणीकडून इथं आलो. स्वभाव भित्रा. फोन वाजला तरी वाटायचं, गावाकडं काही झालं असणार. इथं आपलं म्हणावं असं मास्टर आणि त्यांची बायको, काकू, दोघंच होते.

गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. तुम्ही या शहरात राहत असाल तर ठाऊकच आहे, त्या दिवसांत गल्लीत एकच बोलणं असतं. कुणाच्या प्लेटलेट्स किती, वाढल्या का, पपईचा पाला मिळाला का. मास्टर रोज संध्याकाळी दवाखान्यात यायचे. शेजारच्या अम्मांच्या अंगणातला पाला स्वतः कुटून रस आणायचे.

"पी."

"कडू आहे, मास्टर."

"मग? तुला इथं शरबत प्यायला ठेवलंय काय?"

एका संध्याकाळी शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला. त्याच्या प्लेटलेट्स फार उतरल्या होत्या. तोंडावर चादर ओढली तेव्हा मास्टर माझ्या पायथ्याशी बसले होते. त्यांनी माझं पाऊल मुठीत घट्ट धरलं होतं. मग म्हणाले, "माझी गोळी पण प्लेटलेट्सनाच लुळं करते. डॉक्टरनंच सांगितलं होतं. तुझ्या वाढाव्यात म्हणून मी पाला कुटतो, अन् माझ्या निजून राहाव्यात म्हणून गोळी गिळतो. ये कैसा इन्साफ है?"

मी हसलो. ते असंच काहीबाही बोलायचे.

मी बरा झालो, मशीनवर बसू लागलो. दिवाळीचं काम अंगावर आलेलं. मास्टरांना सुई टोचली आणि सवयीनं बोट वर गेलं. थोड्या वेळानं त्यांनी चिंधी सोडली आणि बोट माझ्या तोंडासमोर आणलं.

"बघ. थांबलं."

खरंच थांबलं होतं. एवढासा काळा ठिपका. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. मलाही बरं वाटलं. वाटलं, जाळी मानवली, माणूस आता सुधारतोय.

त्याच आठवड्यात, भर सकाळी, रेघ मारता मारता ते टेबलावर वाकले. खडू हातातच होता. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी एकसारखा म्हणत होतो, "कायकू घाबरायचं, मास्टर."

डॉक्टर बाहेर आले. मास्टर गेल्याचं सांगितलं. मग काकूंना विचारलं, "गोळी बंद होती का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "हा दवाखान्यात होता, त्या दिवसांपासून. म्हणाले, प्लेटलेट्स गेल्या की माणूस जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी सांगून थकले."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "डेंग्यूत त्या कमी पडतात, आई. यांच्या कमी नव्हत्या. गोळी सुटली, त्या पुन्हा एकमेकींना चिकटायला लागल्या. जाळीपाशीच गाठ झाली."

म्हणजे ते बोट मला दाखवत होते, तेव्हा आत हेच चाललं होतं. आणि आम्ही चहा प्यालो.

काकू मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. माझा डबा अजून त्यांच्याकडूनच येतो. भाजी तिखट असली तर वर चिमूटभर साखर असते, कारण आजारातून उठल्यावर मला तिखट सोसत नव्हतं. ते त्या अजून विसरलेल्या नाहीत.

आता कापायच्या टेबलापाशी मी उभा असतो. सुई मलाही टोचते. ज्वारीच्या दाण्याएवढं रक्त येतं आणि लगेच थांबतं. मी पाहतो, थांबलेलं असतं. तरी चिंधी गुंडाळून बोट वर धरतो. गिऱ्हाईक विचारतं, फार लागलं का.

मी म्हणतो, थांबतंय.