मामा अजून संपावर आहेत

आमच्या हिच्या मामांइतका शिस्तीचा संपकरी साऱ्या जगात सापडायचा नाही. त्यांची कापडगिरणी पाडली, तिथे मॉल उभा राहिला, मालक कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. पण संप मागे घेतल्याचं मामांना कुणी रीतसर कळवलेलं नाही, म्हणून जेसल पार्कमधल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मामा आजही संपावर आहेत. साचेखात्यातल्या मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, त्यामुळे ते कुजबुजले तरी शेजारच्या विंगेत ऐकू जातं. तिथल्या गुजराती भाभींनाही संपाचा इतिहास तोंडपाठ आहे. मधली कितीतरी वर्षं मामांनी रिक्षा चालवली, त्यावर मुलीचं लग्न केलं. पण त्याला नोकरी म्हणायचं नाही. ती तात्पुरती सोय.

गेल्या दिवाळीत खरेदीसाठी आम्ही त्यांना त्याच मॉलमध्ये नेलं. मामा दारातच थांबले. गिरणीचं गेट इथंच होतं, आत पाऊल टाकलं तर संप फोडल्यासारखं होईल, असं त्यांनी जाहीर केलं, तेही आपल्या आवाजात. सिक्युरिटीवाला धावत आला. मामांनी त्यालाच पगार आणि सुट्ट्या विचारून त्याच्या मागण्या तयार करायला घेतल्या. मामांचा सदरा आम्ही अंदाजाने आणला, तो सैल झाला.

दर जानेवारीत, संप पुकारला त्या तारखेला, सोसायटीच्या फाटकाशी त्यांची गेट मीटिंग भरते. पार विरारहून जुने साथी यायचे, भाषणं व्हायची, शेवटी संप चालू ठेवायचा का, यावर हात वर करून मतदान. मी बँकेतला माणूस, मला मत नव्हतं. माझ्याकडे चहाचा थर्मास.

या जानेवारीत कुणीच आलं नाही. दोघे वर्षभरात गेले, उरलेला एक कोकणात मुलाकडे अंथरुणाला खिळलाय. मीटिंग राहू द्या, असं मी सुचवलं. मामांना ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. रिकाम्या फाटकासमोर त्यांनी अख्खं भाषण केलं, मग हात वर केला आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"जावईबापू, तुम्हांला मत नाय, ठाऊक आहे मला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. "पण एकट्यानं संप केला तर ती रजा होते. संपाला दुसरा हात लागतो."

थर्मास मी खाली ठेवला. मी हात वर केला. मामांनी दोन्ही हात रीतसर मोजले, संप चालू राहणार असल्याचं वॉचमनला ऐकवलं, आणि मगच चहा मागितला.