महादेवरावांनी अंगावर घेतलेली चूक

महादेवरावांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर झाली, आणि तोंड उघडताच मी त्यांचा अपमान केला. घाटंजी तालुक्यात कृषी सहायक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. त्यांच्या कपाशीच्या ओळींमध्ये गुडघाभर हिरवे माजलेले पाहून मी म्हणालो, "काका, निंदणाला बाया मिळाल्या नाहीत का?"

"हे तण नोय साहेब," ते शांतपणे म्हणाले. "ताग हाय. मीच पेरला."

मग त्यांनी मला खाली बसवून तागाच्या बुडाशी हात घालायला लावला. माती गार, भुसभुशीत होती. शेजारच्या उघड्या वावरात तीच माती तापून भेगाळली होती. महादेवरावांचे शेत बरड आणि उताराचे. दर पावसाळ्यात वरची माती नाल्यात जायची. म्हणून कपाशीच्या दोन ओळींत ताग पेरायचा, फुलावर येण्याआधी कापून तिथेच अंथरायचा, अशी रीत त्यांनी स्वतःच्या वावरात करून पाहून बसवली होती. माती झाकलेली राहायची आणि ताग कुजून खतही व्हायचे. "पण कापाचा दिवस चुकला," ते बजावत, "त हाच ताग कपाशीचं पाणी पिते."

हळूहळू गावातली नऊ घरे ताग पेरू लागली. महादेवराव प्रत्येकाच्या वावरात स्वतः जात, रोप हातात धरून पाहत आणि कापणीचा दिवस सांगत. बियाणे घरचे देत. माझी पत्नी आजारी असताना महिनाभर त्यांच्या घरून डबा येत असे. त्याबद्दल एक शब्दही त्यांनी कधी काढू दिला नाही.

आता जे लिहितो आहे, ते महादेवरावांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, मला ठाऊक नाही.

नाल्यापलीकडचे किसनभाऊ हे त्यांचे सर्वांत जवळचे. एका वर्षी किसनभाऊंनी आपल्या सगळ्या वावरात ताग घेतला. महादेवरावांनी कापायला सांगितले, आणि नेमकी त्याच सुमारास वरिष्ठांची शिवारफेरी ठरली. मला हिरवेगार वावर दाखवायचे होते. मी एकटाच किसनभाऊंकडे गेलो.

"काका त उद्याच काप म्हणत होते," ते म्हणाले.

"त्यांनीच निरोप दिलाय. पंधरा दिवस थांबा."

महादेवरावांनी असा निरोप दिला नव्हता.

ते चार दिवसांसाठी लेकीकडे पांढरकवड्याला गेले होते. तिथे तापाने पडले आणि पंधरवड्याने परतले. शिवारफेरी थाटात झाली, माझे कौतुक झाले. पाऊस मात्र दडी मारून बसला. तागाने उरलीसुरली ओल शोषली. कापला तेव्हा कपाशीची पाने लोंबत होती, पात्या, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळत होत्या. किसनभाऊंचे वर्ष गेले.

मारुतीच्या ओट्यावर गाव जमले. किसनभाऊ उभे राहिले. "काका, तुम्हीच आधी काप म्हणलं, अन् मंग थांबाचा निरोप कायले धाडला?"

महादेवरावांनी एकदा माझ्याकडे पाहिले. माझी मान खाली होती. त्यांना सगळे कळले असावे.

"चूक झाली माही," ते म्हणाले. "माफ कर किसना."

परतताना मी विचारले, "काका, असं का बोललात?"

"तुमचं नाव घेतलं असतं त तुमचा या गावात पाय टिकला नसता. दुसरा माणूस कधी येते, काय भरोसा? माह्यावर राग धरला त चालते. तागावर नाई धरला पाहिजे."

पण राग तागावरच निघाला. पुढल्या वर्षी नवांपैकी दोनच घरांनी तो पेरला, नंतर त्यांनीही सोडला. तणनाशकाची फवारणी सोपी होती. किसनभाऊंनी महादेवरावांशी बोलणे टाकले, ते आजतागायत. मला बढती मिळाली. खरे काय ते मी कोणालाही सांगितले नाही.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी आधी किसनभाऊंकडे गेलो. तेही आता थकले आहेत. तो निरोप मीच रचला होता, हे सगळे त्यांनी अंगणात बसून ऐकून घेतले.

"आता सांगून राह्यले साहेब," एवढेच म्हणाले, आणि उठून घरात गेले. मी बराच वेळ बाहेर बसलो. ते आले नाहीत.

महादेवरावांना हे सांगितले तेव्हा ते माझ्यावर प्रथमच रागावले. "त्याले कायले तरास दिला?" म्हणाले. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मोठे वावर ठेक्याने गेले आहे. अर्धा एकर तेवढा त्यांनी ठेवला आहे, आणि त्यात यंदाही ताग उभा आहे. बघायला कोणी येत नाही.

महादेवराव पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना बळ मिळो. किसनभाऊंना तो नाला ओलांडून यायला अजून वेळ लागेल. तेवढी वर्षे महादेवराव धडधाकट असावेत, एवढीच माझी प्रार्थना आहे.