रोवणीच्या ग्रुपवरची बाई

साकोलीला बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन आपोआप लागतो, आपोआप उजेड पडतो, आतून कोणीतरी बोलतं... असल्या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडेच येतात. एकाने तर फोनला लिंबू-मिरची बांधून आणली होती! मी फोन उघडतो, आतला ओलावा पुसतो आणि भूत उतरतं. आजपर्यंतची सगळी भुतं ओलाव्याचीच निघाली. भुताखेतांच्या अशा सदरांमधले वाचकांचे अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं पोट धरून हसायचो. आज मीच लिहायला बसलोय. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

माझं गाव लाखांदूर तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बायकांना अजून त्याच चिखलात उतरावं लागतं. आमच्याकडे सगळी शेती धानाची. शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. पावसाळ्यात बांधीत चिखल करून धानाची रोपं लावायची, ती रोवणी. हे काम बायकांच्या टोळ्या करतात. माझी आई तिच्या टोळीची पुढारी आहे. साठी उलटली तिची, पण अजून जवान पोरींना मागे टाकते.

रोवताना बायका गातात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. शेजारच्या बांधीत दुसरी टोळी असेल तर तिची ओळसुद्धा झेलतात. वाकलेल्या असतात, तोंड दिसत नाही, नुसत्या आवाजावर गाणं पुढे जातं. पण एक नियम आहे. गाणं झेललं की ते शेवटपर्यंत न्यायचं. अर्ध्यावर टाकून बांधीतून वर यायचं नाही, मग पाऊस येवो की ऊन. मी लहानपणी आईला कारण विचारलं होतं.

"कायले म्हनजे?" ती म्हणाली. "अर्धं गानं पायाले चिकटते."

मी तेव्हाही हसलो होतो.

मग गावात टचचे फोन आले. अर्धे मीच विकले म्हणा ना. उद्या कोणाच्या बांधीत जायचं हे आधी गल्लीतून ओरडून ठरायचं. आई म्हणाली, "दिनू, आमचा बी ग्रुप करून दे." बायका आमच्या आंगणात येऊन बसल्या. मी एकेकीचा फोन हातात घेतला, नंबर टाकला, जोडत गेलो. ॲडमिन मी एकटाच. ग्रुपचं नाव आईने ठेवलं — रोवणी पार्टी.

लिहिणं बहुतेकींना जमत नाही, म्हणून सगळा कारभार आवाजी मेसेजवर. थोड्याच दिवसांत नुसता धिंगाणा सुरू झाला. सकाळी उठल्याबरोबर गुलाबाची फुलं, देवांचे फोटो, कोणाच्या नातवाचं जावळ. ताराबाईने तर आजारी बकरीचा व्हिडिओ टाकून सगळ्यांकडून औषध विचारलं. ही ताराबाई म्हणजे आईची बालमैत्रीण, टोळीतली दुसरी मोठी. इकडे साकोलीत माझी मुलगी श्रावणी रील करते, तर आई मला मेसेज पाठवायची, "पोट्टी दिवसभर फोनात तोंड खुपसून राहते!" आणि स्वतः हे सांगायला फोनच धरून बसलेली. मला मजा वाटायची. म्हातारपणी आईला एवढं खुश मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या ग्रुपमध्ये एक नंबर होता. नाव नाही. फोटोच्या जागी हिरवी बांधी, माणूस नाही. हा नंबर गप्पा मारायचा नाही, बकरीची चौकशी करायचा नाही. फक्त गाण्याची एक ओळ टाकायचा. बाईचा आवाज, बारीक, पल्याडच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, यावा तसा. आईला ते गाणं येत होतं. तिने ओळ झेलली. दुसऱ्या दिवशी पुढची आली, आईने तीही झेलली. बाकीच्या बायका वाहवा करायच्या. गाण्याचे शब्द मी इथे लिहिणार नाही. का ते पुढे कळेल.

मी एकदा आईला विचारलं, हा नंबर कोणाचा?

"ताराच्या माहेरची आहे वाटते. गळा गोड आहे तिचा."

ताराबाई भेटली तेव्हा तिला विचारलं, तर ती म्हणाली, "नाही बाप्पा! मले वाटलं तुह्या आईची मावसबहीन आहे."

कोणाची तरी असेल, म्हणून मी सोडून दिलं. आपल्या सगळ्यांच्याच ग्रुपमध्ये असे दोन-चार नंबर असतात की नाही? कोणाचे ते कोणी विचारत नाही.

त्या दिवशी आमच्याच शेवटच्या बांधीची रोवणी होती. ज्याची बांधी, त्याने टोळीला दुपारचं जेवण द्यायचं. मी साकोलीहून मोटरसायकलवर भाताचा नि वरणाचा डबा घेऊन गेलो. आभाळ गच्च होतं, पण पाऊस नव्हता. बायका धुऱ्यावर टेकल्या होत्या. आई नव्हती.

"तुही माय? आत्ताच उठून गेली," ताराबाई म्हणाली. "फोनवर मेसेज आला त्या बाईचा. 'बांधीत ये, उरलेलं गानं तिथंच गाऊ' म्हने. पल्याड दुसरी टोळी उतरली असन."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. कारण आमच्या बांधीच्या पल्याड बांधीच नाही. मधे मातीची पार, म्हणजे तलावाचा बांध आहे, आणि पारीच्या पलीकडे गावतलाव.

मी पारीवर चढलो. आई तलावात होती. कमरेएवढ्या पाण्यात. फोन कानाशी पदरात खोचलेला, तोंड माझ्याकडे. ज्यांनी रोवणी पाहिली नसेल त्यांना सांगतो, रोवताना बाई पुढे जात नाही. वाकून रोप लावते आणि एक पाऊल मागे सरकते. आई रोवत होती. हातात रोप नाही, काही नाही. वाकायची, तिचं तोंड पाण्यात जायचं, हात खाली चिखलात जायचा. वर यायची, नाकातोंडातून पाणी गळत असताना ओळ म्हणायची आणि एक पाऊल मागे, खोल पाण्याकडे सरकायची. तिचे डोळे माझ्यावर होते, पण तिला मी दिसत नव्हतो.

मी ओरडलो. उडी मारली. तिला काखेत धरून ओढायला लागलो, तर ती मला ढकलायला लागली. माझ्या आईने आयुष्यात मला ढकललं नाही हो.

"सोड ना रे... एकच ओळ राहिली, दिनू. एकच."

आणि तेव्हा मी ती ओळ ऐकली. आईच्या पाठीमागून, उघड्या पाण्यावरून. तोच बारीक आवाज. फोनमधून आली असेल असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण फोन पाण्याने केव्हाच मेला होता. काळा ठिक्कर पडदा मला दिसत होता. ओळ संपली आणि आईने झेलायला तोंड उघडलं... मी तिच्या तोंडावर हात दाबला. काय सुचलं ते माहीत नाही, पण दाबला. तिला दुसऱ्या बाजूने कोणीतरी धरलंय असं वाटत होतं. चिखलात पाय रुतले असतील. रुतलेच असतील! असं मी स्वतःला अजून सांगतो.

बायका धावत आल्या, तेव्हा कुठे ती निघाली. काठावर ताराबाई आईचे पाय पुसत रडत होती. "झेललेलं गानं मधात सोडून आणलंस रे बापू. आता कसं करशीन?"

आईला साकोलीला आणलं. डॉक्टर म्हणाले, ताप आहे, थकवा आहे, दोन सलाईन लावू. मी दुकानात जाऊन ग्रुप उघडला. त्या नंबरवर फोन लावला, तर हा नंबर अस्तित्वात नाही. मग तो ग्रुपमध्ये कसा आला ते पाहिलं. तिथे लिहिलं होतं — तुम्ही जोडलं. इतर बायकांना जोडलं त्याच दिवशी. मी तर आंगणात बसलेल्या बाईचा फोन स्वतः हातात घेतल्याशिवाय एकीलाही जोडलं नव्हतं. किती आठवायचा प्रयत्न केला... पदर, हात, बांगड्या आठवतात. प्रत्येक हाताला चेहरा मात्र आठवत नाही.

त्या बाईचे मेसेज वाजवले. आईच्या ओळी जशाच्या तशा होत्या. तिच्या मेसेजमध्ये मात्र गाणं नव्हतं. चिखलातून पाय उपसताना येतो तो पचक पचक आवाज, बस. स्पीकर बदलला, हेडफोन लावला, दुसऱ्या फोनवर ऐकलं. तेच. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, उद्या या.

आईला मी माझी शपथ घातली, की ती शेवटची ओळ म्हणायची नाही. तिने शपथ पाळली, पण त्यापायी ती झिजायला लागली. जेवण सुटलं. दिवसभर गॅलरीत बसून त्या बाईची ओळ पुटपुटायची, आपली ओळ आली की तोंडात पदर कोंबायची. पायांना खाज सुटते म्हणायची, पाय पाण्यात ठेवायला मागायची. सलाईन झालं, नागपूरचे डॉक्टर झाले, बायकोच्या हट्टाने अंगारा झाला. हाडं वर आली तिची. एकदा माझा हात धरून म्हणाली, "दिनू, गाऊन घेऊ दे. नाही तं मी अशीच जाईन." मी नाही म्हटलं. गायली तर जाईल असं मला वाटत होतं, आणि न गाताही ती जातच होती. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

आणि मग एका दुपारी जेवायला घरी आलो, तर आई ताटावर बसलेली! भात कालवून खात होती. बायको दारात उभी राहून नुसती बघत होती.

"झेलली रे कोनीतरी," आई म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. "सुटली मी."

"कोणी, आई?"

"मले काय मालूम? दूरची आहे. नवीन पोरगी आहे, आवाज कोवळा आहे तिचा." आणि तिने आणखी भात मागितला.

मला काही उमजेना. तेवढ्यात श्रावणी फोन घेऊन आली. "बाबा, रागावू नका हं." तिने आजीची रील केली होती. गॅलरीत आजी गुणगुणतेय, ओळ संपते, आजी थांबते. खाली पोरीने हौसेने लिहिलं होतं, 'आजीला पुढची ओळ आठवत नाहीये. कोणाला येते का? पूर्ण करा ना!' तिला तलावाची गोष्ट आम्ही पूर्ण सांगितलीच नव्हती. पोरगी घाबरेल म्हणून.

आणि एका बाईने पूर्ण केली होती. एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला ती. पंचविशीची असेल. हिरव्या बांगड्या, निळी ओढणी, मागे स्टीलच्या भांड्यांची मांडणी. एक लहान मूल ओढणीला धरून ओढतंय, मुलाचा फक्त हात दिसतो. आई थांबते, आणि ही हसत हसत पुढची ओळ म्हणते. शब्द न् शब्द तीच, हे पुढे ताराबाईने ऐकून सांगितलं. टोळीबाहेर कोणाला ती ओळ येत असेल असं तिलाही वाटत नाही. ओळ संपल्यावर तिने मान वळवली, आतून कोणी हाक मारल्यावर वळवतो तशी. तिथे व्हिडिओ संपतो.

रील मी लगेच काढायला लावली. त्या बाईचा व्हिडिओ मात्र तिच्या पानावर तसाच आहे. मी तिला मेसेज केले. ताई, हे गाणं पुन्हा म्हणू नका, पाण्याजवळ जाऊ नका, कृपा करून उत्तर द्या. उत्तर नाही. त्याआधी ती रोज काही ना काही टाकायची, रांगोळी, मुलाचा वाढदिवस, फोडणीची पोळी. त्या दिवसानंतर तिच्या पानावर काहीच आलेलं नाही.

आई ठणठणीत आहे. अंगावर मांस आलं, पायाची खाज गेली, ते गाणं तिला आता आठवतसुद्धा नाही. आई समोर बसून जेवते, तेव्हा मला इतकं बरं वाटतं की त्या बरं वाटण्याचीच भीती वाटते. रोज दुकान उघडलं की हातात पेचकस घ्यायच्या आधी मी त्या बाईचं पान उघडतो.

तिने गावाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी तिला ओळखत असेल, निळी ओढणी, हिरव्या बांगड्या, लहान मूल, तर बाकी काही सांगू नका. फक्त ती घरी आहे का, तेवढं कळवा.